डिजिटल फोटो झेडएक्स स्पेक्ट्रमवर कसा न्यावा

१९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरला यूएसबी ठाऊक नाही की मेमरी कार्ड ठाऊक नाही. कान मात्र आहे: मागच्या बाजूला ‘इअर’ लिहिलेलं सॉकेट. पूर्वी त्यात कॅसेट प्लेअरची वायर जायची. आज तिथे मोबाइल जोडला तरी त्याला फरक कळत नाही. थोडक्यात, फोटोचा आवाज करायचा आणि तो ऐकवायचा. इथे सांगतोय ते ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या मॉडेलचं.

खरी मेहनत वायरीत नाही, फोटोत आहे. पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा, म्हणजे ४:३. साध्या कॅमेऱ्याचा ४००० × ३००० चा फोटो याच प्रमाणात असतो, तो नुसता लहान केला की झालं. ३:२ वाला असेल तर बाजू कापा. पण रंगांचं गणित विचित्र आहे. रंग एकूण १५, आणि ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात फक्त दोनच. असे ७६८ चौकोन. हिरव्या झाडापुढे लाल शर्टातला माणूस निळ्या आकाशात डोकावला की त्याच्या खांद्यापाशी तीन रंगांची मारामारी होते आणि कडा दातेरी दिसते.

म्हणून मोठे आकार आणि सपाट पार्श्वभूमी असलेला फोटो निवडा. गर्दीचे, पानाफुलांचे फोटो सरळ सोडून द्या. गिम्प या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा, ८ ठिपक्यांची ग्रिड चालू करा आणि कापायची चौकट दोन-चार ठिपके इकडेतिकडे सरकवून बघा. चेहऱ्याची कड चौकोनाच्या रेघेवर आली की फरक लगेच दिसतो. मी यातच सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

आता ‘आयएमजी२स्पेक’सारख्या प्रोग्रॅममध्ये तो उघडा आणि ‘एससीआर’ फाइल, म्हणजे स्पेक्ट्रमच्या पडद्याची जशीच्या तशी प्रत, करून घ्या. ती बरोबर ६९१२ बाइटची भरली पाहिजे: ६१४४ ठिपक्यांचे, ७६८ रंगांचे.

मग फ्यूज हा एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम. एससीआर थेट पडद्यावर उघडून तिथूनच सेव्ह करायचा मोह होतो. मी तसं केलं आणि खालच्या ओळी कमांडच्या अक्षरांनी खाल्ल्या. त्याऐवजी ‘लोड बायनरी डेटा’ने ती ३२७६८ या पत्त्यावर उतरवा आणि ही कमांड द्या: सेव्ह "फोटो" कोड ३२७६८,६९१२ (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत). टेपच्या मेनूतून ‘टॅप’ फाइल (म्हणजे फाइलच्या रूपातली कॅसेट) जपून ठेवा आणि फ्यूजच्याच जोडीला येणाऱ्या ‘टेप२वेव्ह’ने तिची वेव्ह, म्हणजे आवाजाची, फाइल करा. एमपी३ नको, ती आवाज दाबते आणि इथे प्रत्येक टोकदार लहर मोलाची.

खऱ्या स्पेक्ट्रमवर दोन ओळी टाइप करा:

१० लोड "" कोड १६३८४ : पॉज ०
२० गो टू १०

‘लोड’ हा अख्खा शब्द ‘जे’च्या एका कळीने येतो. ‘कोड’साठी दोन्ही शिफ्ट एकत्र दाबून सोडा, मग ‘आय’. १६३८४ हा पडद्याच्या मेमरीचा पत्ता. ‘पॉज ०’ नसेल तर पुढचा संदेश चित्रावर येऊन बसतो.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. एकदा शेवटच्या काही सेकंदांत मेसेज टुणकन वाजला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. इक्वलायझर बंद, आवाज पाऊण पट्टीच्या आसपास, स्टिरिओचं मोनो करणारी वायर. ‘रन’ द्या, मग फाइल वाजवा.

आधी कडेला लाल-आकाशी जाड पट्टे आणि लांब शिट्टी, नंतर निळे-पिवळे बारीक पट्टे आणि खरखर. चित्र वरून खाली सलग येत नाही. पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात आठ-आठ ओळींच्या अंतराने रेघा उमटतात, मग मधल्या फटी भरतात. तसंच पुढच्या दोन भागांत. तोवर सगळं काळं-पांढरं, काही चौकोन तर निगेटिव्हसारखे उलटे. घाबरू नका. शेवटच्या चार-पाच सेकंदांत रंग वरून खाली ओघळतात आणि चौकोन जागच्या जागी सुलटे होतात. एकूण वेळ पाऊण मिनिटाहून थोडा जास्त.

‘टेप लोडिंग एरर’ आली तर आधी आवाज थोडा कमी-जास्त करून बघा, मग वायर. जमलं की कुठलीही कळ दाबा आणि पुढच्या फोटोची फाइल वाजवा. ओळ २० त्यासाठीच आहे.