गस्तीची बेडी आणि कमरेचा पट्टा: घेताना काय बघायचं

नवी तुकडी ठाण्यात हजर झाली की आठवडाभरात कुणीतरी मोबाइल पुढे धरतंच. "ताई, हा पट्टा कसा वाटतो? बारा कप्पे आहेत." काळं नायलॉन, खटकन लागणारं बक्कल, जागोजागी खिसे. मी मोबाइल परत देते आणि त्या पोराला किंवा पोरीला ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी घेऊन जाते. बेड्या बाहेर काढायला लावते. पट्ट्याचं नंतर बघू. ज्या वस्तूमुळे दुसऱ्या माणसाचे हात आपल्या हवाली होतात, ती आधी पारखता आली पाहिजे.

मला खात्यात तेवीस वर्षं झाली. शिपाई म्हणून भरती झाले, आज सहायक फौजदार आहे. रात्रगस्त, नाकाबंदी, कैदी पार्टी म्हणजे कैद्यांची ने-आण, बंदोबस्त, सगळं केलं. बेडीबद्दल मी प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगते की ती लागते कशी हे मागाहून बघा, सुटते कशी ते आधी बघा.

मला हे घाटात कळलं. नोकरीला सातेक वर्षं झाली होती, पावसाळा होता. कोर्टाचं काम आटोपून दोन आरोपी परत नेत होतो. एक बाई माझ्याकडे, एक तरुण दुसऱ्या दोघांकडे. त्याच्या हातात जुन्या पद्धतीची बेडी होती, पेचाच्या चावीची. ही बेडी मनगटाच्या मापाने लहानमोठी होत नाही. बारीक हातातून निसटते, जाड हाताला रुतते. उघडायची तर चावी आत घालून बरेच आटे फिरवावे लागतात. घाट चढताना त्या पोराला फिट आली. हात गाडीच्या पत्र्यावर आपटायला लागले. चावी जवळच होती, भोकातही गेली, पण आत गंज. दोन आटे फिरायचे, अडकायचं, हात हिसडला की चावी बाहेर यायची. शेवटी एकाने त्याचा कोपर मांडीखाली धरला, मी ओढणीचा बोळा करून मनगट आणि लोखंडाच्या मध्ये सरकवला, तेव्हा कुठे ती सुटली. मनगटाची कातडी सोलून निघाली होती आणि रक्तात तपकिरी गंज मिसळला होता. पोरगा वाचला. पण तेव्हापासून बेडी उघडून बघितल्याशिवाय मी कमरेला लावलेली नाही.

तेव्हा पेचाच्या चावीची बेडी ठाण्याच्या कपाटात असली तरी गस्तीला ती उचलू नका. दात्यांची बेडी घ्या. हिची एक बाजू कमानीसारखी असते आणि ती आरपार फिरते. मनगटावर टेकवून दाबली की फिरून पलीकडून आत जाते आणि तिचे दाते आतल्या खटक्यात अडकतात. ही आरपार फिरणारी रचना १९१२ मध्ये अमेरिकेत आली आणि जगभरातल्या पोलिसांकडे आज बहुतेक तिच्याच वळणाच्या बेड्या आहेत. एका हाताने लागते हा तिचा मोठा गुण. वजन पाव किलोच्या थोडं वर.

आता पारख. बेडी हातात घ्या आणि कमान वीसएक वेळा आरपार फिरवा. कान देऊन ऐका. करकर एकसारखी आली पाहिजे. मध्येच आवाज गिळला गेला तर दाता झिजलेला आहे किंवा खटक्याची स्प्रिंग थकलेली आहे. मग कमान अर्धी आत ढकला आणि मागे ओढा. एक दाताही मागे सरकली तर ती बेडी बाजूला ठेवा आणि तशी नोंद करायला सांगा.

पुढचं जे आहे ते आमच्यातले निम्मे लोक करत नाहीत, आणि माझ्या मते बेडीतलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे: डबल लॉक. चावीच्या दुसऱ्या टोकाला किंवा बाजूला बारीक पिनेसारखं टोक असतं. ते बेडीच्या कडेवरच्या छोट्या भोकात दाबलं किंवा खाचेत सरकवलं की खटका जागच्या जागी बसतो. मग कमान मागे येत नाही आणि पुढेही जात नाही. पुढे न जाणं हेच महत्त्वाचं. डबल लॉक नसेल तर आरोपी गाडीत नुसता टेकून बसला तरी बेडी एकेक दाता आवळत जाते. अर्ध्या तासात हात निळा पडतो. अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून एक मज्जातंतू जातो, तो दबला की अंगठ्याच्या मुळाशी आणि पंजाच्या पाठीवर बधिरपणा येतो, आणि तो कधीकधी आठवडेच्या आठवडे जात नाही. म्हणून कपाटातली बेडी निवडताना दोन्ही बाजूंचं डबल लॉक लावून बघा, अंगठ्याने जोर देऊन कमान ढकला आणि मग चावीने उघडा. डबल लॉक लागलेलं असलं की चावी आधी उलट्या बाजूला फिरवून ते काढायचं, मग सुलट फिरवून खटका. ही दोन वळणं अंधारात बोटांना पाठ हवीत. ज्या दोन चाव्या बरोबर नेणार त्या दोन्ही चालवून बघा.

रुमाल घ्या आणि कमानीच्या आतल्या कडेवरून फिरवा. सुताचा धागा अडकला तर तिथे कातडीही अडकणार. रिव्हेट हलतंय का, मधल्या कड्यांचा सांधा उघडलाय का, हे डोळ्यांनी दिसतं. शेवटी बेडी पूर्ण मिटवून आत उरणारी जागा बघा. माझ्यासारख्या बायांना बायकाच ताब्यात घ्याव्या लागतात आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईचं मनगट पोराच्या मनगटाएवढं असतं. मोठ्या मापाची बेडी तिच्या हातातून साबण लावल्यासारखी निघते.

साखळीची घ्यावी की बिजागरीची, असं विचारतात. गस्तीला साखळीचीच. बिजागरीची बेडी ताठ असते, हात वळू देत नाही, पण झटापटीत दुसरा हात नेमका तिच्यासमोर आणावा लागतो. साखळीला थोडी ढील असते. कोकणात नेमणूक असेल आणि निवड करता येत असेल तर स्टेनलेस स्टीलची मागा. मुलामा दिलेल्या बेडीवर खारा वारा दोन पावसाळ्यांत उमटतो.

स्वतःच्या पैशाने बेडी विकत घेऊ नका. ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक बेड्या खेळण्यातल्या असतात, बाजूची बारीक कळ दाबली की चावीशिवाय उघडतात. शिवाय बेडी ही सरकारी वस्तू आहे, तिची चार्जमध्ये, म्हणजे ठाण्याच्या सामानाच्या नोंदीत, नोंद असते. कुणी विचारलं की ही कुठून आली, तर उत्तर नोंदीत असलं पाहिजे.

आणि कमरेला आहे म्हणून घालायचीच, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली प्रेम शंकर शुक्ला प्रकरणात सांगितलं की बेडी सरसकट घालता येणार नाही, पळून जाण्याची खरी भीती हवी आणि कारण लिहून ठेवलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ४३(३) मध्ये अटक करताना आणि कोर्टात हजर करताना बेडी कुणाला घालता येईल हे दिलंय: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, मानवी तस्करी, अशा गुन्ह्यांतले. तिथेही 'घालता येईल' असं आहे, 'घालावीच' असं नाही. कलम ४६ सांगतं की पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच बंधन, त्यापेक्षा जास्त नाही. अठराच्या आतल्या मुलाला बेडी नाही म्हणजे नाही. दारू पिऊन गल्लीत ओरडणाऱ्याला गस्तीवर बेडी घातली, तर स्टेशन डायरीत कारण काय लिहिणार, हे घालण्याआधी मनात यायला हवं.

घालायची वेळ आलीच तर मनगटाचं हाड आणि पंजा यांच्या मधल्या जागी घाला. हाडावर नको, बाहीवर नको. चावीची भोकं बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे सोडवताना चाचपडावं लागत नाही. बेडी आणि मनगटात तुमच्या बोटाचं टोक गेलं पाहिजे. मग डबल लॉक. हात मागे असतील तर माणसाला पालथं पडू देऊ नका, श्वास कोंडतो. लगेच बसवा किंवा कुशीवर करा. गाडीत बसवल्यावर आणि नंतर थोड्याथोड्या वेळाने बोटं बघा, थंड पडलीत का, रंग बदललाय का.

बांगड्यांचं कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. काचेच्या बांगड्यांवर बेडी लावली की काच फुटते आणि शिरेजवळच रुतते. बाईला बांगड्या काढायला सांगितल्या तर ती नाही म्हणते, आणि तिच्या जागी मीही नाही म्हटलं असतं. जोर करू नका. बांगड्या कोपराकडे सरकवा, त्यांच्या खाली रुमालाचा वेढा द्या, मग बेडी. पुरुषांचं कडं, घड्याळ, दोऱ्यांचा जाड गंडा, यांचंही तसंच. जे काढलं ते अंगझडतीच्या पंचनाम्यात लिहा.

बेडीचं पाऊच झाकणाचं घ्या, बटणाचं. उघड्या तोंडाच्या पाऊचमधून बेडी पटकन निघते हे खरं, पण आपली गस्त मोटारसायकलवर असते आणि रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. दुकानातच हात ओला करून बटण उघडून बघा, एका अंगठ्याने उघडलं पाहिजे. बेडी पाऊचमध्ये ठेवताना कमानीचा शेवटचा दाता नुसता अडकलेला असावा, म्हणजे काढल्याबरोबर फिरते.

आता पट्टा. रंग आणि बक्कल आपल्या पोलीस घटकाच्या (युनिटच्या) नियमाप्रमाणे, त्यात स्वतःची हौस नको. रुंदी दोन इंच, आणि आडवा धरून एक टोक सोडलं तर लोंबला नाही पाहिजे. मऊ पट्टा पिस्तुलाच्या बाजूने खाली ओढला जातो. पिस्तूल आणि भरलेलं मॅगझिन मिळून किलोच्या आसपास जातं, शिवाय वॉकीटॉकी आणि बेडी. एवढं वजन पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसलं पाहिजे. पँटचा पट्टा आत, ड्यूटीचा वर, आणि दोन्ही बांधून ठेवणारे बटणाचे चार छोटे पट्टे. हे चार पट्टे स्वस्त असतात आणि लोक नेमके तेच घेत नाहीत. मग पळताना सगळं सामान पोटाशी गोळा होतं.

पोरींनी अजून एक बघायचं. सरळ कापलेला पट्टा पुरुषाच्या कमरेसाठी असतो. आपल्या कमरेला खाली घेर येतो, त्यामुळे खालची कड रुतते. माझ्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला दोन वर्षं मुंग्या येत होत्या. मी मणक्याच्या तपासण्या करत बसले आणि डॉक्टरांनी पट्टा सैल करायला सांगितला. पुढे मुख्यालयाजवळच्या चामड्याच्या कारागिराकडून किंचित कमानदार कापलेला पट्टा करून घेतला, खालची कड तासून गोल केली. मुंग्या महिनाभरात गेल्या. मिळाला तर तसाच घ्या.

पाठीच्या मधोमध, मणक्यावर, काहीही लावायचं नाही. मागे पडलात तर ते लोखंड मणक्यात जातं, आणि गाडीत आठ तास टेकताही येत नाही. पिस्तूल असेल तर ज्या हाताने चालवता त्या बाजूला, दोरी लावून. बेडी मी डाव्या बाजूला बक्कल आणि हाडाच्या मध्ये ठेवते, तिथे दोन्ही हात पोचतात. तिच्यामागे वॉकीटॉकी. टॉर्च छोटी, पण लाठी धरलेला हात न सोडता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लागणारी. रबरी हातमोज्यांची एक जोडी, रक्त दिसलं की आधी ती. लाठी हातात किंवा गाडीला, पट्ट्याला नाही. बाकी कप्पे रिकामे राहू द्या, किंवा काढूनच टाका.

चावी दोन ठिकाणी. एक तुमच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कड्यात. दुसरी जोडीदाराकडे. घराच्या किंवा गाडीच्या चाव्यांच्या जुडग्यात बेडीची चावी घालू नका. जोडीदार मोटारसायकल घेऊन पेट्रोल भरायला जातो आणि बेडीची चावीही बरोबर जाते, हे मी दोनदा पाहिलंय.

सगळं लावून झालं की घरी रात्री दिवा बंद करा. उकिडवं बसा, उठा, जिना चढून या. मग डोळे मिटून एकेक वस्तू काढा आणि परत ठेवा. हात चुकला तर जागा बदला. जागा ठरली की मात्र ती वर्षानुवर्षं बदलू नका.

ड्यूटी संपली की बेडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पावसात भिजली असेल तर उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा. महिन्यातून एकदा खटक्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर धूळ बसून तोच खटका अडकतो. परत देताना पुढच्या अंमलदारासमोर ती एकदा लावून, डबल लॉक करून, उघडून दाखवा. त्याने घाई केली तरी दाखवा. मग सही करा.