डोकं काखेत घेतलेलं भूत कसं शोधावं

लंडनच्या म्युझिक हॉल (म्हणजे गाणी-विनोदांचे लोकप्रिय रंगमंचीय कार्यक्रम) ढंगाचं भुताचं एखादं विनोदी गाणं अर्धवट आठवतं, नाव मात्र काही केल्या आठवत नाही. 'राणी, भूत, टॉवर' असं शोधलं तर नुसती पर्यटनाची पानं येतात.

१. गोष्ट टाकू नका, ध्रुवपद टाका. आठवणारे सलग चार-पाच इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांत लिहा.

२. नाहीच मिळालं तर शब्दांच्या सुरुवातीचा 'ह' गाळून पुन्हा शोधा. ही गाणी कॉकनी, म्हणजे लंडनच्या सामान्य लोकांच्या बोलीतली. 'हेड'चं 'एड', 'हर'चं 'अर' होतं आणि कित्येकदा छापतातही तसंच. माझं घोडं इथेच अडलं होतं.

३. नाव हाती लागलं की इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांत ऐकून बघा.

मला हवं होतं ते टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरच्छेद झालेली इंग्लंडची राणी ॲन बोलिन हिच्या भुताचं 'विथ हर हेड टक्ड अंडरनीथ हर आर्म' निघालं. स्टॅनली हॉलोवे यांनी गायलेलं; लिहिणारे मात्र वेस्टन आणि ली. म्हणून गायक आणि गीतकार, दोन्ही नावांनी शोधावं.

एक सांभाळा: म्युझिक हॉल म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीचंच, असं धरून वर्षाची चाळणी लावू नका. हे गाणं १९३४चं आहे.