मामाच्या गावचा उन्हाळा, मामीचा हिशेब: या चुका टाळा

गाव मामाचं म्हणतात, पण मे महिन्याचा हिशेब मामीच्या वहीत असतो. आमच्याकडे दरवर्षी थोरल्या नणंदेचे दोघं पुण्याहून येतात, धाकटीची एक नागपूरहून. घरचे दोन धरून पाच पोट्टे. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं गाव, ऊन पंचेचाळीसच्या घरात. कापसाचे पैसे तोवर अर्धे सोसायटीच्या कर्जात गेलेले असतात आणि उरलेले मृगाच्या पेरणीसाठी बाजूला काढलेले. बियाणं, खत, मजुरी. त्यातून सुट्टीसाठी हात घालायचा म्हणजे जूनमध्ये रडायचं.

सात-आठ उन्हाळे असे काढल्यावर एक गोष्ट कळली. आमचे पैसे मजेत कमी आणि चुकीच्या वेळी घराबाहेर पडण्यात जास्त गेले. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर, या दोन तुकड्यांत बसणारं जवळपास सगळं फुकटात होतं. मधल्या उन्हाशी झगडायला गेलं की दर अर्ध्या तासाला खिशात हात जातो.

"नाश्ता करून आरामात निघू"

पहिल्या वर्षी सेवाग्रामला असेच निघालो होतो. पोहे झाले, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, दहाची गाडी पकडली. वर्ध्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा बारा वाजत आलेले. पुढे ऑटो, पाण्याच्या बाटल्या, मग कोणाला थंडं पाहिजे, कोणाला गोळा. आश्रमात चपला काढल्या आणि कुटीच्या दारापर्यंतच्या दहा पावलांत पाचही पोट्टे तव्यावरच्या लाह्यांसारखे उडत होते. आत काय पाहिलं विचारलं तर कोणाला सांगता येईना. आश्रमाला तिकीट नाही, तरी दिवस महागात पडला.

पुढच्या वर्षी सकाळची पहिली गाडी धरली. सोबत पाण्याची मोठी कॅन, भाकरी, ठेचा, कांदे. नऊच्या आत बापूकुटीत होतो. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. थोरला भाचा भिंतीला हात लावून म्हणाला, "मामी, इथे कूलर नाही तरी गार कसं?" तिथंच मांडी घालून त्याला सांगितलं, की गांधीजी इथं पहिल्यांदा आले तेच भर उन्हाळ्यात, 30 एप्रिल 1936 ला, आणि तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. परत येताना पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम पाहिला आणि दुपारच्या जेवणाला घरी.

प्रवासात आणखी एक चूक होते. घाईत काळी-पिवळी करतो आणि एसटीच्या सवलती सोडून देतो. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 5 ते 12 वयाच्या मुलांना अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. म्हणजे आमच्या वऱ्हाडात सासरे फुकट, मी आणि पोट्टे अर्ध्यात, पूर्ण तिकीट एकट्या मामांचं. फक्त म्हाताऱ्या माणसाचं आधार कार्ड घरी विसरू नका. आम्ही एकदा विसरलो आणि वाहकाशी वाद घालून काही उपयोग झाला नाही. चूक आमचीच होती.

माठाला आंघोळ

ही चूक माझी स्वतःची. माठाच्या अंगावर पांढरे डाग धरले म्हणून मी भांड्याच्या साबणाने खसाखसा घासला. सासरे बाजेवरून बघत होते. म्हणाले, "माठाले साबन कायले लावून राहिली बाई? आता आठ दिवस साबनाचं पानी पेजो." खरंच प्यायलो.

माठ गार होतो तो झिरपून. भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, हवेनं वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. साबण त्याच छिद्रांत जाऊन बसतो. ते पांढरे डाग म्हणजे आपल्या जड पाण्यातले क्षार. छिद्रं बुजली की माठ "म्हातारा" होतो. नुसतं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन बाहेरून हळू घासायचं, बस.

माठ गार होत नसेल तर आधी जागा बघा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथं वारा नाही, तिथं चांगला माठही कोमटच राहतो. आमचा आता कडुलिंबाखाली तिवईवर, ओल्या रेतीत, भोवती भिजवलेलं पोतं. ऑइल पेंटनं रंगवलेले, वेलबुट्टीचे माठ दिसायला छान असतात, पण रंगानं छिद्रं बंद होतात. तो माठ फुलं ठेवायला घ्या.

कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणं

पुण्याच्या पोरांची सवय. त्यांना वाटतं कूलर म्हणजे स्वस्तातला एसी. तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, मग "मामी, कूलर बिघडला." बिघडलेला नसतो. कूलरची ओली हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर जायला वाट लागते, समोरची एक खिडकी उघडी हवीच. गवत दरवर्षी बदला. जुन्यावर क्षार चढले की पाणी सारखं झिरपत नाही. आणि जूनमध्ये ढग आले, हवेत ओल आली, की कूलर कितीही चांगला असला तरी गार करणार नाही. तेव्हा नुसता पंखा.

हे झालं पैशाचं. कूलरनं जीवही जातो, आणि आपल्या भागात दर उन्हाळ्यात जातो. लोखंडी पत्र्याचा कूलर, पंपाची वायर घासलेली, खाली ओली फरशी, आणि पाणी भरायला अनवाणी पोरगं. घरात नियम एकच ठेवा: पाणी भरण्याआधी बटण बंद आणि पिन सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण बंद पुरत नाही. तीन पिनचाच प्लग आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वायरमनला एकदा बघायला लावा. पोट्ट्यांना पाणी भरायचं काम देऊच नका, ते कितीही उड्या मारत आले तरी.

शेततळं म्हणजे स्विमिंग पूल नव्हे

2016 ला "मागेल त्याला शेततळे" योजना आली तेव्हापासून शिवारात तळी वाढली. निळंशार पाणी, भोवती काठ, शहरातल्या पोराला ते पोहायचं टाकंच दिसतं. फसवणूक तिथंच आहे. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, बाजू उताराच्या, कागदावर शेवाळ. पाय टाकला की माणूस सरकत मधोमध जातो आणि वर यायला धरायला काहीच नसतं. विहिरीत निदान कपारी असतात, पायऱ्या असतात. इथं पट्टीचा पोहणाराही काठापाशी पोचून बाहेर निघू शकत नाही, थकतो.

आपलं शेततळं असेल तर चारी बाजूंना गाठी मारलेले दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा आणि फुगवलेली एक ट्यूब काठावर. कुंपण असेल तर उत्तमच. आणि पोट्ट्यांना हे घोकून घ्यायला लावा: कोणी पडलं तर उडी मारायची नाही. दोर, दुपट्टा, रिकामी कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि ओरडायचं. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात.

पाण्याची हौस भागवायला ओलिताची वेळ बघा. सकाळी लाइन असेल त्या दिवशी मोटारीचं पाणी हौदात पडतं, त्या धारेखाली तासभर बसवा. गुडघाभर पाणी, आणि पुढं तेच पाणी भाजीला जातं. स्टार्टरच्या पेटीजवळ मात्र मोठ्या माणसाशिवाय कोणी जायचं नाही.

रंगीत थंड्यावर रोजचे पैसे

हिशेबाच्या वहीत सगळ्यात मोठं भोक हेच. एकदा महिन्याची बेरीज केली आणि मामांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी वादळात पडलेल्या कैऱ्यांचं पोतं आणून ओट्यावर टाकलं.

कैऱ्या उकडा किंवा निखाऱ्यावर भाजा, गर काढा, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, मीठ, भाजलेलं जिरं. पाणी न घालता हा गोळा काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. लागेल तेव्हा दोन चमचे आणि माठाचं पाणी. चूक काय होते, तर लोक पन्हं एकदम पातेलंभर करतात, ते दुसऱ्या दिवशी आंबतं आणि मग "पोरं पीत नाहीत" म्हणतात. चिचोणी (चिंचेचं पन्हं), सातूचं पीठ, ताक यांची पाळी लावा, म्हणजे कंटाळा येत नाही. गाडीवरच्या गोळ्याचा बर्फ निळसर दिसला तर तिथून उठा. खाण्याच्या नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे.

वाघ दाखवायचा हट्ट

थोडक्यात सांगते. ताडोबाचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो, आणि सफारीत गाडी, गाइड, प्रवेश हे सगळं मिळून खिशाला जड पडतं. बुकिंग न करता गाडी भाड्यानं घेऊन गेलेले ओळखीचे लोक गेटवरून परत आले. ज्यांना परवडतं त्यांनी आधी ठरवून जावं. पण फुकटात जंगल दाखवायचं म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडे पोट्ट्यांना पहाटे मोहफुलं वेचायला किंवा मे महिन्यात तेंदूपत्त्याला नेऊ नका. वाकून काम करणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. तिकडच्या लोकांना पोटासाठी जावं लागतं, आपण मजेसाठी जाऊ नये.

समर कॅम्पची खंत

नणंद फोनवर म्हणते, "इथं असते तर काहीतरी शिकले असते." मी आता उत्तर देत नाही, कुरोड्या घालते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. पहाटे पाचला चुलीवर मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढतं आणि पोट्टे आपोआप उठतात, कारण गरम चीक दूध-साखर घालून वाटीत मिळतो. साचा फिरवायला भांडणं होतात. वेड्यावाकड्या कुरोड्या ज्याच्या त्याच्या नावाच्या वेगळ्या वाळवायच्या, जाताना त्याच डब्यात. सात वाजेपर्यंत गच्चीवरून खाली, हे ठरलेलं. उशीर केला तर गच्ची आणि आई दोन्ही तापतात.

रसासाठी सरगुंडे करायचे तर तेही पोरांचंच काम. काडीवर कणकेची दोरी गुंडाळण्यात मोबाइल दोन-दोन तास आठवत नाही.

ऊन लागलंच तर

"झोपू दे, उठेल बरा" ही चूक करू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, घाम चालू आहे तोवर सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्यानं पुसा, आणि 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका. पण अंग तापून विस्तव झालंय, पोरगं असंबद्ध बोलतंय, झोकांड्या खातंय, तर तोंडात काही ओतू नका. अंगावर पाणी, वारा, आणि 108 ला फोन. खिशातला कांदा तिथं पुरत नाही.

बारा वाजता बाहेर जायची एकच परवानगी

आमच्या घरी दुपारी बारा ते चार अंगणात पाय ठेवायचा नाही. वर्षातून एक दिवस सूट, तीही पाच मिनिटांची. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागतो त्याच सुमारास आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. चंद्रपूरला 20 मेच्या आसपास, आमच्या आर्वीकडे 25 च्या, नागपूरला 26 च्या. वेळ बारा वाजून दहा ते पंधरा मिनिटांची. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही, सूर्य तिथवर सरकतच नाही. जुलैत तो परतताना पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात.

लोक चूक करतात ती तिरप्या वस्तूची, लिंबाच्या फांदीची नाहीतर काठीची सावली बघत बसण्याची. सरळ उभ्या भिंतीची वस्तू लागते, सपाट जागेवर. आम्ही ओसरीच्या कडेला पाट ठेवतो, त्यावर पितळेचा गडवा नको, तो पोटात फुगीर असतो, स्टीलचा सरळ डबा ठेवतो. गेल्या वर्षी पाचही जण दुपट्टे बांधून भोवती उकिडवे बसले होते. सावली एका बाजूनं आखडत आखडत आली, रेघ झाली आणि गेली. कोणी काही बोललं नाही. मग नागपूरच्या धाकटीनं हळूच डबा उचलून खाली पाहिलं.