पोलिसांना कायदा विचारायला जाताय?

नवीन देशात आलात की पहिल्या काही महिन्यांत शंका येतच राहतात. हे चालतं का, ते चालतं का? मग आपण पोलिसांना गाठतो. काउंटरवरचा माणूस नीट ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते परिस्थितीवर अवलंबून आहे." पाळी बदलल्यावर दुसरा म्हणतो, "काही हरकत नाही." आपण बुचकळ्यात.

ते मुद्दाम टाळतात असं नाही, म्हणजे दर वेळी नाही. पोलीस कायदा राबवतात, त्याचा शेवटचा अर्थ कोर्ट लावतं. शिवाय आपण विचारतो त्यातले निम्मे विषय त्यांच्या खात्याचेच नसतात. जर्मनीत चुकीचं पार्किंग बहुतेक ठिकाणी ओर्डनुंग्सआम्ट, म्हणजे नगरपालिकेचं खातं बघतं. इंग्लंडमध्ये ते काम बहुतांशी काउन्सिलचं.

आणि पोलिसांचंही चुकतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एकच ब्रेक लाइट बंद म्हणून पोलिसाने गाडी अडवली. तिथल्या कायद्याला एक चालू दिवा पुरेसा होता, असं नंतर राज्याच्या कोर्टानेच ठरवलं. तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, चूक समजण्यासारखी होती, गाडी अडवणं वैध. पोलिसाची चूक अशी पदरात घेतली गेली. "मला पोलिसांनीच सांगितलं होतं" या तुमच्या वाक्यावर मात्र भिस्त ठेवू नका.

म्हणून प्रश्न बदला. "चालेल का?" असं विचारू नका. "हे कोणत्या कायद्यात येतं? कोणतं खातं बघतं?" असं विचारा. मग त्या खात्याला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. प्रश्न जितका नेमका तितकं बरं. ब्रिटनमधली ई-स्कूटर घ्या, म्हणजे उभं राहून चालवायची विजेवरची छोटी स्कूटर. दुकानात राजरोस विकायला असते, पण स्वतःची स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर किंवा फुटपाथवर चालवणं बेकायदा. सरकारी प्रयोगातल्या भाड्याच्या स्कूटर ठरावीक शहरांत रस्त्यावर चालतात. "ई-स्कूटर चालते का?" असं मोघम विचारलंत, तर समोरचा भाड्याची धरून "हो" म्हणेल आणि दंड तुम्ही भराल.

अशा चौकशीसाठी आणीबाणीचा नंबर फिरवू नका. तातडीच्या नसलेल्या कामासाठी ब्रिटनमध्ये १०१, न्यूझीलंडमध्ये १०५, ऑस्ट्रेलियात १३१ ४४४ आहे. कायद्याचा मूळ मजकूर बहुतेक ठिकाणी सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. भाषा रुक्ष असते, पण व्याख्यांचं कलम आधी वाचलं की बरंच सुटतं.

एक गोष्ट वेगळी. शंका घडून गेलेल्या प्रकाराबद्दल असेल, तर आधी वकील गाठा. "मी असं केलं, ते चुकलं का?" हा काउंटरवर निव्वळ प्रश्न राहत नाही, तो तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. आणि अटक झालीच, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं ३६ वं कलम लक्षात असू द्या. आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा, असं सांगायचा हक्क त्यात आहे. तो पोलिसांनी तुम्हाला सांगायचा असतो. नाही सांगितला तर तुम्ही मागा.