कोकणात नोटरी व्हायचे तर

नोटरीसाठी वेगळी पदवी लागत नाही, वकिलीची वर्षे भरावी लागतात. नोटरी नियम, 1956 प्रमाणे किमान 10 वर्षे वकिली झालेली हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय वकिलांना 7 वर्षे पुरतात.

नेमणूक राज्य सरकारही करते आणि केंद्रही. जागांची संख्या ठरलेली असते, म्हणून आपल्या भागात जागा रिकामी आहे का, हे आधी विचारून घ्या. अर्ज वकिली करता तिथल्या जिल्हा न्यायाधीशांमार्फत जातो. सावंतवाडीचा वकील ओरोसला जाईल, मुरूडचा अलिबागला.

कागद जमतात, अडते ते सह्यांवर. अर्जावर दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या लागतात. गावात ओळखीची असते ती पतसंस्था, पण तिच्या व्यवस्थापकाची सही इथे उपयोगाची नाही. सनदेवरचे (वकिलीच्या परवान्यावरचे) नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः एकच आहे का, तेही तपासा.

नेमणूक झाली की 5 सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल शिक्का करून घ्यायचा. त्यावर नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचे नाव हवे. नेमणुकीसोबत मिळणाऱ्या नोटरीच्या प्रमाणपत्रात दिलेल्या क्षेत्राबाहेर बसून तो मारायचा नाही. प्रमाणपत्र 5 वर्षांचे असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 6 महिने आधी द्या. वर्षभराच्या कामाचे विवरणपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला जाते.

कोकणात खरी कसोटी लागते ती चाकरमान्यांच्या कागदांवर. मुंबईतला भाऊ स्टँप पेपरवर सही करून एसटीने पाठवतो, आणि गावातला भाऊ म्हणतो, “वकीलसाहेब, सही त्याचीच हा, शिक्को मारा.” मारू नका. सही करणारा समोर नसेल तर साक्षांकन खोटे ठरते, आणि पुढे वाटणीचा दावा उभा राहिला की पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जातो. त्या भावाला मुंबईतल्याच नोटरीकडे पाठवा, नाहीतर गणपतीला घरी आला की समोर बसवा. मूळ ओळखपत्र पाहा, मजकूर मराठीत वाचून दाखवा आणि नोंदवहीत त्याच वेळी त्याची सही घ्या.

कोणी जमिनीचे खरेदीखत “नोटरी करून” मागितले, तर त्याने मालकी बदलत नाही हे सांगून दुय्यम निबंधकाकडे पाठवा.