शंभर मोड, त्यातले तुमचे किती?

स्मार्टवॉचच्या खोक्यावर ‘१००+ स्पोर्ट्स मोड’ छापलेलं असलं की घड्याळ भारी वाटतं. पण स्वस्त घड्याळांत त्यातल्या बऱ्याच मोडचं नाव आणि चिन्ह तेवढं वेगळं असतं. बॅडमिंटन लावा नाहीतर झुंबा, मोजणी तीच: वेळ, हृदयाचे ठोके, कॅलरी. (माझ्या घड्याळात पतंग उडवण्याचाही मोड आहे. वर्षातून एकदा, संक्रांतीला!)

आपण आठवडाभर खरंच काय करतो ते आधी आठवा. धावत असाल तर घड्याळातच जीपीएस हवं. ‘कनेक्टेड जीपीएस’ फोनचं जीपीएस वापरतं, म्हणजे फोन खिशात घेऊन पळणं आलं. तो घरी राहिला की अंतर पावलांवरून अंदाजाने निघतं. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी बॅरोमीटर आहे का ते विचारावं, हवेच्या दाबावरून चढाई जास्त नीट कळते. पोहणाऱ्यांनी नुसत्या ‘आयपी६८’वर (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) जाऊ नये, ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता) बघावं. शिवाय तलाव २५ मीटरचा की ५० मीटरचा हे घड्याळाला सांगता आलं पाहिजे, नाहीतर फेऱ्या बरोबर आणि अंतर चूक.

दुकानातच दोन वेगळे मोड दोन-दोन मिनिटं चालवून थांबवा आणि शेवटी येणारे आकडे बघा. दोन्हीकडे तेच रकाने दिसले, तर मोड बहुधा एकच आहे, नावं दोन.