डोंगरवाटेसाठी घोडा घेताय? या चुका टाळा

भिवंडी-कल्याणपासून पनवेलपर्यंत विकायला निघालेले घोडे बहुतेक वरातीतले, पर्यटकांना फिरवणारे, नाहीतर शर्यतीतून निवृत्त झालेले असतात. यातलं कुठलंही जनावर वाईट नाही. पण आपल्याला हवं ते काम त्याने आधी केलंय का, हेच गिऱ्हाईक विचारत नाही, आणि नेमकी तीच चूक सगळ्यात महागात पडते.

वरातीची घोडी ढोल ऐकून पुढचे पाय उचलते. बघायला छान वाटतं, पण निसरड्या उतारावर तीच सवय स्वाराला खाली आणते. माथेरानचा घोडा दगडधोंड्यांत पाय अचूक टाकतो, पण तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. शिळफाट्यावरच्या कंटेनरचा हॉर्न त्याने आयुष्यात ऐकलेला नसू शकतो. म्हणून चढ, उतार, ओढा आणि रहदारीचा रस्ता हे सगळं पैसे देण्याआधी पाहायचं. आधी मालकाला बसू द्या, मग तुम्ही बसा.

खोगीर घालून तयार ठेवलेला घोडा

पोहोचल्याबरोबर खोगिराखाली हात घाला. अंग घामाने ओलं लागलं, तर मस्ती जिरावी म्हणून त्याला आधीच पळवलेला असू शकतो. त्या दिवशी परत फिरा आणि दोन-तीन दिवसांनी न सांगता जा. याचा आणखी एक फायदा आहे. लंगड लपवायला वेदनाशामक दिलं असेल, तर तोवर बहुधा त्याचा असर उतरलेला असतो.

मग अंग थंड असतानाच त्याला खुंट्यावरून सोडायला सांगा. खरारा, खोगीर, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सगळं तुमच्यासमोर होऊ दे. तंग आवळताना तो कान मागे पाडून चावायला आला, तर स्वभावाला दोष देण्याआधी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत जा. दुखत असेल तिथे पाठ खाली दबेल. त्यानंतर कडक जमिनीवर सैल दोरीने दुडक्या चालीने पळवा. पुढचा पाय दुखत असला, तर तो टेकताना मान वर उडते.

वजन कुणी मोजतच नाही

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको. काटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 155 आणि लांबी 140 असेल, तर वजन 283 किलोच्या आसपास, म्हणजे भार 56-57 किलो. 75 किलोच्या माणसाने असं जनावर डोंगरावर नेऊच नये, मालक काहीही सांगो.

भोवऱ्यांत अडकू नका

पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे, देवमण (केसांचा शुभ मानलेला भोवरा) आहे म्हणून भाव चढतो आणि वय सांगणारे दात बघायचे राहून जातात. पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढचे सगळे पक्के दात येतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची उभी खाच दहाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते आणि पंधराच्या आसपास अर्ध्यावर येते. नवख्या स्वाराने तीन वर्षांच्या शिंगरापेक्षा दहा-बारा वर्षांचा शांत घोडा घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

ग्लँडर्सच्या तपासणीत मात्र तडजोड नाही. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. रक्तचाचणीचा ताजा अहवाल मागा. तो नसेल, तर पशुवैद्याकडून नमुना पाठवून घ्या आणि निकाल येईपर्यंत घोडा आपल्या तबेल्यात आणू नका.

घरी आणल्यावर अडचण आली तर

एकटा निघतच नाही? रांगेत चालायची सवय असलेल्या घोड्यांचं असं होतं. चाबूक नको. आधी दुसऱ्या घोड्यासोबत न्या, मग पायी हाताने थोडं दूर नेऊन परत आणा आणि अंतर हळूहळू वाढवा. ओढ्याला बिचकला तर आधी डबक्यांतून चालवा.

पावसाळ्यात ओल्या तबेल्यांत खुरं सडतात. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागातून काळा, कुबट स्राव येतो. रोज खूर उकरून साफ करा, उभं राहायची जागा कोरडी ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवा. दाबल्यावर पाय ओढून घेत असेल, तर स्वारी बंद करून पशुवैद्याला दाखवा.